लाळेऱ्यांची दोरी

“रंगकाम उरकलं की त्या तिरप्या पट्ट्या परत ठोकल्या का, तेवढं आईला बघायला सांग,” असं सुतारआजोबा ताईला म्हणाले होते. फाटकाशी उभं राहून, काठीवर दोन्ही हात ठेवून, अगदी सावकाश. ताई “हो आजोबा” म्हणाली आणि सुसाट सुटली. दुसऱ्या दिवशी भूमितीचा पेपर होता. आयत, समभुज आणि समांतरभुज चौकोन तिच्या डोक्यात एकमेकांच्या पायात पाय अडकून पडले होते. त्यात पट्ट्या कुठे ठेवणार? घरी पोचेपर्यंत तो निरोप या कानातून शिरून त्या कानातून बाहेरही पडला.

त्याला महिना झाला. निकाल लागला, सुट्टी लागली. भूमितीत ताईचे दोन गुण गेले ते एका ‘चूक की बरोबर’मध्ये. ‘ज्या चौकोनाच्या संमुख बाजू समान असतात, तो आयत असतो.’ ताईने डोळे झाकून ‘बरोबर’ ठोकून दिलं होतं. बाईंनी त्याभोवती लाल गोल काढला आणि तिला सुट्टीचा अभ्यास दिला. पुठ्ठ्याच्या पट्ट्या कापायच्या, टाचण्यांनी जोडून त्रिकोण आणि चौकोन करायचे आणि आपलं ‘बरोबर’ चूक का, ते शाळा उघडल्यावर सगळ्या वर्गासमोर सांगायचं. पुठ्ठा आणला होता, टाचण्याही होत्या. मुहूर्त तेवढा लागत नव्हता.

ताईची आई पाळणाघर चालवायची. भाड्याचा एक लांबट हॉल, पुढे पत्र्याची पडवी, मागे न्हाणीघर. पोरं अकरा. सगळ्यांत धाकटं सव्वा वर्षाचं, थोरलं साडेचार वर्षांचं आणि मधे कुठेतरी ताईचा सख्खा भाऊ पिटुक, वय वर्षं तीन. खरं तर ताई एकट्या पिटुकची ताई. पण बाकीच्या दहांनी ते नाव उचललं आणि मग मोठ्यांनीही. शेजारची झिपरी तिच्याच वर्गातली, तीसुद्धा ताईच म्हणायची. आणि यंदा सुट्टीला मावशीचा मुलगा आला होता. “दूध संपलंय” म्हटलं तरी तो “पुरावा काय?” विचारायचा, म्हणून त्याला सगळे वकील म्हणत.

हॉलच्या लांब भिंतीला पाठ लावून एक लाकडी माळा उभा होता. चार खांब, वर तुळया, तुळयांवर फळ्या. भिंतीला खिळा मारायचा नाही अशी हॉलची अट, म्हणून माळा आपल्या पायांवरच उभा. त्याच्याखाली उजेड कमी यायचा. तिथे गाद्या घातल्या की एक ते तीन पोरं गाढ झोपायची. वरती मॅनेजरकाकांचं सामान असे. हॉलची सगळी व्यवस्था त्यांच्याकडे होती. सामान म्हणजे मोडक्या खुर्च्या आणि यंदा न्हाणीघराच्या कामातून उरलेली फरश्यांची अठरा खोकी.

माळ्याच्या पुढच्या दोन खांबांमधे पूर्वी एक लाकडी पट्टी तिरपी ठोकलेली होती. डाव्या खांबाच्या डोक्यापासून उजव्याच्या पायापर्यंत. मागच्या दोन खांबांमधेही तशीच एक. पुढच्या पट्टीवर आईने अकरा खिळे मारून घेतले होते आणि प्रत्येक पोर आपलं लाळेरं आपल्या उंचीच्या खिळ्याला स्वतः अडकवायचं. सगळ्यांच्या लेखी ती लाळेऱ्यांचीच पट्टी होती. भिंत रंगवताना रंगाऱ्याने दोन्ही पट्ट्या काढल्या आणि परत लावल्या नाहीत, तेव्हा आईने त्याच दोन जागी खांबांना एकेक खिळा ठोकून एक दोरी बांधून टाकली. लाळेऱ्यांचे अकरा खिळे गेले, चिमटे आले. पोरांची काही तक्रार नव्हती.

तक्रार होती ती दोरीची. ती रोज ढिली पडायची.

आई रोज सकाळी ती ताणून बांधायची आणि दुसऱ्या दिवशी बघावं तर दोरी पुन्हा लोंबलेली. पोरं ओढत असतील, दुसरं काय, असं आईचं म्हणणं. तिला सतरा कामं होती. झिपरीचा संशय थेट पिटुकवर होता. लोंबणारी कुठलीही गोष्ट दिसली की तो तिला लोंबकळायचा, मग तो पडदा असो की मॅनेजरकाकांच्या किल्ल्यांचा जुडगा.

“पुरावा काय?” वकील म्हणाला.

मग सोमवारी संध्याकाळी पोरं घरी गेल्यावर तिघांनी सापळा लावला. दोरी तंबोऱ्याच्या तारेसारखी ताणून बांधली. दोन्ही गाठींपाशी पेनाने निळी खूण केली, म्हणजे गाठ सरकली तर कळावं, आणि खुणेपासून खुणेपर्यंत दोरी मोजून ठेवली. वरून टोकापासून टोकापर्यंत अंगाची पावडर भुरभुरली. झिपरीने शेवटचा डबा उपडा केला आणि तिघंही शिंकत बाहेर पडली.

मंगळवारी सकाळी आईच्या आधी तिघं हजर. पावडर जशीच्या तशी होती. एक बोटसुद्धा लागलेलं नव्हतं. निळ्या खुणा जागच्या जागी. आणि दोरी मधोमध चार बोटं लोंबत होती.

झिपरीच्या मते हे भूतच होतं, आणि पावडर न लावणारं म्हणजे अस्वच्छ भूत. वकिलाच्या मते दोरीच लांबली असणार. त्याने ती सोडवली, जमिनीवर सरळ धरून निळ्या खुणेपासून निळ्या खुणेपर्यंत टेपने मोजली आणि सोमवारच्या आकड्याशी ताडून पाहिली. एका मिलिमीटरचाही फरक नव्हता.

“आता बोल, वकीलसाहेब,” झिपरी म्हणाली.

वकील पुन्हा टेप लावून बघू लागला. ताई मात्र एकेक बोट दुमडत पुटपुटत होती. दोरी तेवढीच. गाठी तिथेच. हात कुणी लावला नाही. हा झाला पक्ष. आता साध्य काय?

“खिळे जवळ आले,” ती म्हणाली.

दोघं तिच्याकडे बघत राहिली. खिळे कुठे चालतात? पण दुसरं काही उरतच नव्हतं. दोरी पुन्हा बांधून वकिलाने एक खिळा बोटाने नुसता किंचित दाबून पाहिला. खिळा केसभर वाकला आणि दोरी बोटभर खाली आली. म्हणजे दोन टोकं जराशी जवळ आली, तरी दोरी चांगलीच लोंबते. ती चुगली करत होती, ऐकायला कुणी नव्हतं इतकंच.

संध्याकाळी पोरं गेल्यावर त्यांनी टेप घेऊन पुढची चौकट दोन्ही तिरप्या दिशांनी मोजली. दोरीच्या बाजूने तीन मीटर सत्तावन्न सेंटिमीटर. तिच्या उलट बाजूने तीन मीटर चौसष्ट. याचा अर्थ काय ते तिघांनाही कळलं नाही. पण वकिलाने नोंद ही हवीच म्हणून दोन्ही आकडे तारखेसकट खांबावर पेन्सिलीने लिहून ठेवले.

बुधवारी सकाळी दहा वाजता ताईच्या अभ्यासाचा मुहूर्त एकदाचा लागला. पडवीत बसून तिने पट्ट्या कापल्या. तीन जोडल्या, त्रिकोण झाला. दाबला, ओढला, तो ढिम्म हलेना. तीन बाजू ठरल्या की त्रिकोण ठरला, दुसरा होऊच शकत नाही. हीच ती बाबाबा कसोटी. “बाबाबा,” असं म्हणत पिटुक शेजारी येऊन बसला. मग तिने दोन लांब आणि दोन आखूड पट्ट्यांचा आयत केला आणि उभा धरला. पिटुकने त्याच्या डोक्यावर तळहात ठेवला आणि दाबला.

आयत एका बाजूला कलला.

चारही बाजू तेवढ्याच होत्या. वरची पट्टी खालच्या पट्टीला अजून समांतरच होती. पण एक कर्ण आखडला आणि दुसरा लांबला. पिटुकला मजा वाटली, त्याने आणखी दाबला. एक कर्ण आणखी आखडला. ताईने डोकं वर केलं. उघड्या दारातून समोर माळा दिसत होता आणि त्याच्या चौकटीत, बरोबर आखडणाऱ्या कर्णावर, लाळेऱ्यांची दोरी लोंबत होती.

तिच्या हातातली कात्री खाली पडली. फाटक आठवलं. काठीवरचे दोन हात आठवले. पट्ट्या परत ठोकल्या का, तेवढं आईला बघायला सांग.

हॉलच्या घड्याळात अकराला दहा मिनिटं होती. एक वाजता गाद्या पडायच्या.

ताईने आईला सगळं एका दमात सांगितलं, पुठ्ठ्याची चौकट हातात नाचवत. निरोपाचं मात्र ती बोलली नाही. आईने चौकट दोनदा दाबून पाहिली. मग माळ्याकडे पाहिलं, मग पिटुककडे, आणि लगेच मॅनेजरकाकांना बोलावणं धाडलं.

काका पाणसळ घेऊनच आले. काचेच्या नळीत हवेचा बुडबुडा असलेली ती पट्टी त्यांनी शिडीवर चढून तुळईवर ठेवली. बुडबुडा बरोबर मधोमध. मग त्यांनी टेप काढला. वरची बाजू तीन मीटर, खालची तीन मीटर. डावा खांब दोन मीटर, उजवा दोन मीटर.

“झालं समाधान?” ते म्हणाले. “समोरासमोरच्या बाजू सारख्या. आयत आहे हा, आयत. शाळेत हेच शिकवतात ना?”

“त्याचेच माझे दोन मार्क गेले,” ताई म्हणाली.

तिने पुठ्ठ्याची चौकट पुढे करून कलवून दाखवली. बाजू सारख्या राहतात, वरची पट्टी आडवीच राहते, म्हणून बुडबुडाही मधेच राहणार. खोटं बोलत नाहीत ते फक्त कर्ण. काकांनी पुठ्ठ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पुठ्ठा वेगळा आणि लाकूड वेगळं, असं त्यांचं म्हणणं. ही खोकी ते गेल्या महिन्यापासून वर ठेवताहेत, काही झालं का?

आता वकील फार अदबीने पुढे झाला. काकांचंच बरोबर असणार, तो म्हणाला. फक्त कर्णही काकांनी स्वतःच मोजावेत, म्हणजे आमची तोंडं कायमची बंद होतील. दोन्ही सारखे निघाले, तर सुट्टी संपेपर्यंत आम्ही तिघं तुमचं ऑफिस झाडून देऊ. काकांना सौदा आवडला. त्यांनी स्वतः टेप धरला आणि आकडे मोठ्याने वाचले. तीन मीटर साडेछप्पन्न. तीन मीटर साडेचौसष्ट.

“जुनं लाकूड आहे,” टेप गुंडाळत काका म्हणाले. “पहिल्यापासूनच वाकडं असेल.”

वकिलाने खांबावरचे पेन्सिलीचे आकडे दाखवले. सत्तावन्न आणि चौसष्ट. तारीख कालची.

“पहिल्यापासून वाकडं असतं ते रोज बदलत नाही, काका.”

काकांनी ते आकडे दोनदा वाचले. पण हार मानली तर ते मॅनेजर कसले. पोरांनी टेप नीट धरला नसेल, आई उगीच घाबरट आहे, जेवून आल्यावर बघू, असं म्हणून ते निघून गेले.

आई जागची हलली नाही. मग एकदम हलली. तिने गाद्यांची पहिली चळत उचलली आणि पडवीत नेऊन टाकली. आज सगळ्यांनी बाहेर झोपायचं. ऊन येईल, पत्रा तापेल, पोरं किरकिर करतील, करू देत. झिपरीने चादरी बांधून आडोसा केला. वकील सुतारआजोबांना आणायला पळाला. आजोबा दोन गल्ल्या सोडून राहायचे, पण गुडघ्यामुळे त्यांना यायला वेळ लागणार होता.

ताईला वाट बघत बसवेना. तिने पुन्हा पुठ्ठ्याची चौकट घेतली. आखडणाऱ्या कर्णावर दोरी बांधून उपयोग नाही, ती नुसती लोंबते. पट्टी असती तर तिने दाब सोसला असता. दोरी काही रेटत नाही, फक्त ओढून धरते. मग तिला हवा लांबणारा कर्ण! तिने त्या दिशेने एक सुतळी बांधून पाहिली आणि चौकट दाबली. चौकट जागच्या जागी अडली.

दोर हवा होता, जाड. आणि पुढे एक, मागे एक असे दोन हवे होते. हॉलमधे दोन जाड दोर एकाच ठिकाणी होते, पोरांच्या झोक्याला. झोका उतरवताना अकरा जणांनी असा गळा काढला की रस्त्यावरची दोन माणसं डोकावून गेली. आईने ताईला माळ्याखाली पाऊल टाकू दिलं नाही. पुढचा दोर दोघींनी बाहेरूनच बांधला, दुहेरी करून, उजव्या खांबाच्या डोक्यापासून डाव्याच्या पायापर्यंत. मागचा आईने एकटीने भिंत आणि माळा यांच्यामधल्या फटीतून बांधला.

पाऊण वाजता मॅनेजरकाका जेवून परतले. पडवीत गाद्या आणि माळ्याला झोक्याचे दोर बघून त्यांचा पाराच चढला. लोक काय म्हणतील? हॉल पडायला आलाय अशी बोंब उठेल! हा माळा किती मजबूत आहे ते मीच दाखवतो, म्हणत ते शिडी चढले. आई “थांबा” म्हणेपर्यंत ते वर पोचलेही. खोक्यांच्या शेजारी उभे राहिले आणि त्यांनी एकदा, अगदी थोडी, उडी मारली.

कर्र असा आवाज झाला. सगळा माळा डावीकडून उजवीकडे हातभर सरकल्यासारखा वाटला. खरं तर तो दोन बोटंच सरकला. मग दोर ‘ठण्ण’ वाजले आणि माळा थांबला. शिडी घसरून आडवी झाली. कडेचं एक खोकं डुगडुगलं, कलंडलं आणि खाली आदळलं. फरश्यांचे तुकडे पार दारापर्यंत उडाले.

खोकं पडलं होतं तिथे रोज पिटुकची गादी असायची. खिडकीच्या बाजूने दुसरी.

पडवीत पिटुक झिपरीच्या मांडीवर अंगठा चोखत होता. आई त्या तुकड्यांकडे बघत राहिली आणि मग भिंतीला टेकून खाली बसली.

“मी उतरू का?” वरून बारीक आवाज आला.

“हलू नका,” दारातून सुतारआजोबा म्हणाले. वकिलाच्या खांद्यावर एक हात, दुसऱ्या हातात काठी. “श्वाससुद्धा बेताने घ्या.”

मग काम आजोबांच्या हुकमाने झालं. आधी दोन्ही बाजूंनी बल्ल्यांचे टेकू. मग मॅनेजरकाका, चारी पायांवर. मग शेजारच्या चार माणसांनी एकेक खोकं उतरवलं. माळा रिकामा झाल्यावर आजोबांनी झोक्याच्या दोराच्या दोन पदरांमधे काठी घातली आणि ताईला पीळ घालायला सांगितलं. एकेका पिळाला लांब कर्ण आखडत गेला आणि आखूड कर्ण लांबत गेला. वकील टेप धरून आकडे ओरडत होता. दोन्हीकडे तीन मीटर साडेसाठ आलं, तेव्हा आजोबांनी हात वर केला.

आता पट्ट्या हव्या होत्या. रंगारी म्हणे त्या ऑफिसात ठेवून गेला होता. झिपरी धावत गेली आणि हसत परत आली. एका पट्टीला मॅनेजरकाकांनी पडदा लावला होता आणि दुसरीने खिडकी टेकवून ठेवली होती. खिडकीच्या पट्टीत अजून अकरा खिळे होते.

पट्ट्या ठोकून झाल्यावर आजोबा स्टुलावर बसले. चौकटीत आता दोन त्रिकोण होते, पुठ्ठ्यातल्यासारखे. त्यांनी झोक्याचा दोर हातात घेऊन पाहिला.

“हा इकडून कुणी बांधला?”

ताईने मान खाली घातली.

“दोर बांधणारे पुष्कळ असतात,” आजोबा म्हणाले. “बरोबर कर्णावर बांधणारी आज पाहिली.”

मॅनेजरकाकांनी घसा खाकरला. सुट्टीभर पोरांनी नाही, तर आपणच पाळणाघर झाडायला हवं, असं ते स्वतःच म्हणाले. माळ्यावर पुन्हा एक कागदही ठेवणार नाही, हेही. आईने ताईला जवळ ओढलं आणि घट्ट धरलं. तेव्हा ताईला राहवेना. आजोबांनी महिन्यापूर्वीच सांगितलं होतं, मी विसरले, सगळं माझ्यामुळे झालं, असं ती रडत रडत बोलून गेली.

आईचा हात तिच्या केसांवर थांबला.

“मलाही सांगितलं होतं गं,” ती हळूच म्हणाली. “मंडईत भेटले तेव्हा. मी हो म्हटलं.”

“मलाही,” मॅनेजरकाका जमिनीकडे बघत म्हणाले.

आजोबांनी तिघांकडे आळीपाळीने पाहिलं. रागावले नाहीत. माणूस ‘हो’ म्हणाला की ऐकणाऱ्याचंही काम संपतं आणि सांगणाऱ्याचंही, एवढंच म्हणाले. “मी तरी आत येऊन कुठे बघितलं?”

शाळा उघडल्यावर ताईने वर्गासमोर आपलं ‘बरोबर’ चूक का ते सांगितलं. बाईंनी दोन गुण काही परत दिले नाहीत, पण पुठ्ठ्याची चौकट मागून घेतली. पोरं पुन्हा माळ्याखाली झोपतात, लाळेरी पुन्हा खिळ्यांना लागतात. आई मात्र रोज गाद्या घालण्याआधी वर बघते आणि पट्टीवर दोनदा टकटक करते.

तुमच्या घरात आत्ता कुणी लहान झोपलं असेल, नाही का? मग पुस्तक असंच उपडं ठेवा आणि एकदा बघून या. अंगावरचं पांघरूण तर बघाच, पण मान वर करून डोक्यावर काय आहे तेही बघा. दार हळू लोटा, जागं व्हायला नको.